वार्धक्यातील शर्यत : तप की अहंता?

मनुष्याचे वय वाढू लागले म्हणजे त्याने कशापासून निवृत्त व्हावे आणि कशापासून होऊ नये, हा प्रश्न प्रत्येक गृहस्थापुढे आज ना उद्या उभा राहतोच. नोकरीतून निवृत्त होण्याचा दिवस सरकार किंवा मालक ठरवितो. परंतु ईर्ष्येतून, जिंकण्याच्या इच्छेतून निवृत्त होण्याचा दिवस दुसरा कोणी ठरवून देत नाही. तो ज्याचा त्यानेच ठरवावयाचा असतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो ठरवावयाचा राहूनच जातो. या जुन्या प्रश्नाला अलीकडे एक नवे रूप प्राप्त झाले आहे. साठी ओलांडलेले स्त्रीपुरुष पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तिन्हींची एकत्र शर्यत लावतात, महिनोन्‌महिने तिची तयारी करतात आणि छातीवर क्रमांक लावून तरुणांच्या बरोबरीने पाण्यात उतरतात. त्यांच्या या उद्योगाला काय म्हणावे? तप म्हणावे की उतारवयातील हव्यास म्हणावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

ज्या वाचकांना या शर्यतीची माहिती नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. तिला ट्रायथलॉन म्हणतात. आधी पोहणे, मग सायकल, शेवटी धावणे, असा तिचा क्रम असतो. मध्ये विश्रांतीसाठी घड्याळ थांबत नाही. १९७८ च्या फेब्रुवारीत हवाई बेटांवर तिचा एक अतिदीर्घ प्रकार प्रथम झाला, तेव्हा १५ जण निघाले आणि १२ जण शेवटास पोहोचले. त्या प्रकारात आजही ३.८ किलोमीटर पोहावे लागते, १८० किलोमीटर सायकल चालवावी लागते आणि मग ४२ किलोमीटरांहून थोडे अधिक धावावे लागते. हे सर्व सामान्यतः १७ तासांच्या आत झाले पाहिजे. छोट्या अंतराची शर्यत २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये आली. मराठी घरातील मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशीला काही महिने उरले असता, झुरिच येथील दीर्घ शर्यत सुमारे सव्वापंधरा तासांत पुरी केली, तेव्हा आपल्याकडील पुष्कळ मध्यमवयीन माणसांचे लक्ष तिच्याकडे वळले. २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर तिच्या निम्म्या अंतराची शर्यत भरली आणि ज्या गोष्टीसाठी परदेशी जावे लागे ती घराजवळ आली.

माझा या विषयाशी संबंध आला तो जबलपूरच्या ग्वारीघाटावर. तेथे पहाटे नर्मदेच्या पायऱ्यांवर बसण्याचा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. समोरच्या तीरावर गुरुद्वारा दिसतो, नावा ये-जा करीत असतात, हिवाळ्यात दूरदेशीचे पांढरे पक्षी पाण्यावर उतरतात. त्या घाटावर माझे एक स्नेही नित्य येत. निवृत्तीनंतर त्यांनी तलावात शिस्तीने पोहणे शिकून घेतले, एक बरी सायकल घेतली, आणि घाट ते घर हे अंतर ते धावत तोडू लागले. तोवर त्यांची ओळख मधुमेहाच्या गोळ्या आणि दुपारची झोप यांपलीकडे नव्हती. दोन वर्षांत त्यांचा बांधा सडसडीत झाला, वाणीत उत्साह आला, आणि मुख्य म्हणजे घरातील कुरकुर थांबली. हा लाभ मी डोळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे अशा उद्योगाला सरसकट हसणाऱ्यांच्या पंक्तीला मला बसता येत नाही.

हसणारे पुष्कळ होते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण त्यांना तोंडपाठ होती. या वयात हरिनाम घ्यावे, नातवंडे खेळवावीत, असा त्यांचा उपदेश. उपदेश वाईट नव्हे. परंतु तो करणारे बहुतेक जण स्वतः हरिनामही घेत नव्हते आणि नातवंडेही खेळवीत नव्हते, ते आरामखुर्चीत पडून वर्तमानपत्र वाचीत होते. आळसाने वैराग्याची शाल पांघरली म्हणजे तो वैराग्य होत नाही. गीता आळस, प्रमाद आणि निद्रा यांना तमोगुणाच्या पदरी घालते, आणि त्यांतून वृद्धांना वगळत नाही. शिवाय ती रणांगणावर सांगितली गेली आहे. दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगताना विजय आणि निश्चय यांनाही त्यांत स्थान देतात. तेव्हा जिंकण्याची इच्छा ही मुळातच पाप आहे, असे म्हणण्यास आधार नाही. द्रोणपर्वात तर पिकल्या केसांचे, पंच्याऐंशी वर्षांचे आचार्य द्रोण सोळा वर्षांच्या तरुणासारखे रणात वावरत होते, असे वर्णन आहे. वयाने त्यांचे बळ नेले नव्हते. त्यांच्यापुढील खरा प्रश्न निराळा होता. हे बळ कोणासाठी आणि कोणत्या पक्षाला वाहिलेले आहे, हा तो प्रश्न, आणि त्याचे उत्तर बाहूंच्या बळाने मिळत नाही.

पंच्याऐंशीचा आकडा निघाला म्हणून आपल्या काळातील एक उदाहरण देतो. जपानचे हिरोमु इनादा हे गृहस्थ साठाव्या वर्षी नोकरी सोडून आजारी पत्नीच्या शुश्रूषेसाठी घरी राहिले. त्याच काळात ते पोहू लागले. पहिली त्रिविध शर्यत त्यांनी सत्तराव्या वर्षी केली. २०१५ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, हवाईच्या दीर्घ शर्यतीत ते अंतिम रेषेच्या अगदी जवळ येऊन कोसळले. उठून पुढे गेले, पण १७ तासांची मुदत अवघ्या काही सेकंदांनी चुकली. नियमाप्रमाणे ती शर्यत पूर्ण केल्याची नोंद त्यांच्या नावावर झाली नाही. पुढल्या वर्षी ते पुन्हा तेथेच आले आणि मुदतीत पोहोचले. २०१८ साली तर पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांनी ती शर्यत १६ तास ५३ मिनिटांत पुरी केली. या चरित्रात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा विक्रम नव्हे. त्यांच्या व्यायामाचा उगम एका गृहकर्तव्याच्या शेजारी झाला, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. ज्याचे घर सुटले नाही त्याचे पोहणे त्याला दूर वाहून नेत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. या शर्यतींत पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात. साठ ते चौसष्ट हा एक, पासष्ट ते एकोणसत्तर हा पुढचा. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला जे वय होणार ते धरले जाते. माझ्या स्नेह्यांना पहिल्या गटात एका लहानशा शर्यतीत तिसरे स्थान मिळाले. पदक दिवाणखान्यात टांगले गेले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात एक सूक्ष्म फरक पडला. पुढल्या वर्षी आपण वरच्या गटात जाणार आणि तेथे आपण सर्वांत लहान असणार, म्हणजे पहिले स्थान आपलेच, असा हिशेब ते बोटांवर मांडू लागले. एखाद्या माणसाने आपले वय वाढण्याची वाट आनंदाने पाहावी, ही किती सुंदर गोष्ट! जरेचे भय इतक्या सहज गेलेले कोणाला आवडणार नाही? परंतु थोडे खोल पाहिले म्हणजे ध्यानात येते की भय गेलेले नव्हते, त्याने वेष पालटला होता. आपण म्हातारे होतो याचा तो आनंद नव्हता, आपल्याहून अधिक म्हातारे झालेल्यांना हरविता येईल याचा तो आनंद होता.

आणि शरीर मात्र हिशेब निराळा ठेवीत असते. वयाबरोबर हृदयाची कमाल गती उतरत जाते, स्नायू क्षीण होतात, झीज भरून येण्यास वेळ लागतो, तहानेची जाणीवही मंदावते. अमेरिकेतील या शर्यतींमधील १९८५ ते २०१६ या काळातील मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना यांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अशा १३५ घटना त्यात नोंदल्या असून त्यांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. एकंदर प्रमाण लाख स्पर्धकांमागे दोनाहूनही कमी होते. साठी ओलांडलेल्या पुरुषांत मात्र ते लाखामागे अठराच्या वर गेले. ही संख्या घाबरून घरी बसण्याइतकी मोठी नाही, आणि डोळे मिटून पाण्यात उतरण्याइतकी लहानही नाही. विवेकी माणसाने लक्ष द्यावे, एवढी ती आहे.

पौषातील एका सकाळी माझे स्नेही नावाड्याला सोबत घेऊन नदीत पोहत होते. मध्येच त्यांच्या छातीत आवळल्यासारखे झाले आणि डावा हात जड पडला. त्यांनी नावेची कड धरली. नावाड्याने त्यांना काठावर आणले. पायरीवर बसून, श्वास जागेवर आल्यावर, त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते हे, की घरी काही सांगू नका. नावाड्यालाही त्यांनी तेच बजावले आणि त्याच्या हातावर पैसे ठेवले. शर्यत सात आठवड्यांवर आली होती. डॉक्टरांकडे गेलो तर ते बंदी करतील, पत्नीला सांगितले तर ती डॉक्टरांकडे नेईल, अशी त्यांची विचारसरणी. मी मान डोलाविली. इतकेच नव्हे, तर पुढे अकरा दिवस गप्प राहिलो. मित्राचे मन मोडू नये, असे मी स्वतःला समजावीत होतो. खरे कारण असे की अशा पराक्रमी पुरुषाचा स्नेही म्हणून घाटावर मिरविणे मलाही गोड वाटू लागले होते. दुसऱ्याच्या अहंतेच्या सावलीत बसणाऱ्यालाही तिचा गारवा लागतो.

या अकरा दिवसांत मला गीतेचा सतरावा अध्याय पुन्हा वाचावासा वाटला. तेथे तपाचे सात्त्विक, राजस व तामस असे भेद सांगितले आहेत. मान आणि सत्कार मिळावा म्हणून दंभाने केलेले तप राजस, आणि म्हणून चंचल, न टिकणारे. मूढ हट्टाने शरीराला पीडा देऊन केलेले तप तामस. हे भेद बहुतेकांना ठाऊक असतात. परंतु त्यांच्या आधी एक विभागणी आहे तिच्याकडे आपले दुर्लक्ष होते. तप शरीराचे, वाणीचे आणि मनाचे असे तीन प्रकारचे असते. आणि ही तिन्ही तपे एकत्र, श्रद्धेने व फळाची आस सोडून आचरली म्हणजे त्याला सात्त्विक म्हणावयाचे. वाणीच्या तपात सत्य भाषण येते. माझ्या स्नेह्यांनी शरीराचे तप थोडेथोडके केले नव्हते. पहाटेची थंडी, सायकलवर भेडाघाटापर्यंतची रपेट, जिभेवरील ताबा, हे सारे त्यांनी सोसले. परंतु ज्या घटकेला त्यांनी नावाड्याच्या हातावर पैसे ठेवले, त्या घटकेला वाणीचे तप मोडले. आणि त्रिविध शर्यतीचाच नियम असा की तिन्हींपैकी एक अंग गाळले तर उरलेली दोन कितीही उत्तम झाली तरी शर्यत पुरी झाली असे मानीत नाहीत.

माझ्या मते या प्रश्नाची कसोटी येथे सापडते. वृद्धाने शर्यत लावावी की लावू नये, याचा निर्णय त्याच्या वयावरून करता येणार नाही, आणि त्याच्या बळावरूनही नाही. आपल्या उद्योगाविषयीची सर्व गोष्ट तो घरात सरळ सांगू शकतो काय, आणि सांगितल्यावर थांबण्याची पाळी आली तर थांबू शकतो काय, एवढे विचारावे. जो उद्योग आपल्या माणसांपासून लपवावा लागतो त्यात फळाची आसक्ती शिरलेली आहे असे निःशंक समजावे. कारण गृहस्थाचे शरीर त्याच्या एकट्याचे नसते. पत्नीने चाळीस वर्षे त्या शरीराच्या पथ्यपाण्याची काळजी वाहिलेली असते, मुलांनी त्याच्या भरवशावर आपला संसार मांडलेला असतो. ते पणाला लावावयाचे तर सर्व भागीदारांना विचारून लावले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, की मग स्पर्धाच कशाला? नर्मदेच्या काठी परिक्रमावासी दिसतात. नदी उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र न ओलांडता, ते शेकडो कोस चालतात; त्यांत वृद्ध पुष्कळ असतात. त्यांना क्रमांक नाही, पदक नाही. जबलपूरचेच चित्रकार व लेखक अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) यांनी १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, टप्प्याटप्प्याने नर्मदेची पदयात्रा आरंभिली, आणि पंचाहत्तरीच्या सुमारास ते पुन्हा तिच्या काठाने चालले. श्रम तेच, नदी तीच, आणि हाती आली ती चित्रे व पुस्तके. हा मार्ग श्रेष्ठ आहे, हे मला मान्य आहे. तथापि परिक्रमेतही ‘माझ्या किती झाल्या’ हा आकडा सांगणारे भेटतात, आणि शर्यतीतही केवळ आपली शक्ती पारखून पाहणारे भेटतात. दोष घड्याळात नाही. वैद्याच्या हातचे उष्णतामापक यंत्र जसे ताप दाखविते, ताप आणीत नाही, तसे स्पर्धेचे आहे. मनात मत्सर असेल तर ती तो उघड करते, आणि जो प्रामाणिक आहे त्याला आपला ताप कळणे हाही लाभच होय.

बाराव्या दिवशी मी स्नेह्यांना म्हटले, “आज सायंकाळपर्यंत तुम्ही घरी सांगा. न सांगितल्यास मी येऊन सांगेन. मग तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल.” ते रागावून निघून गेले. परंतु त्यांनी सांगितले. त्यांच्या पत्नीने आकांत केला नाही की दोष दिला नाही. पुढे त्यांनी स्वतःच मला सांगितले, की तिने एवढेच विचारले : “अहो, पदक मिळालं असतं तर ते सर्वांत आधी मला दाखवलं असतंत ना? मग दुखणं तेवढं नावाड्याला का दाखवलंत?” या प्रश्नाला कोणत्याही भाष्यात उत्तर नाही. तपासणीत हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला. उपचार झाले, शर्यत गेली, ज्या गटात ते सर्वांत लहान ठरणार होते त्यातील पहिले वर्षही गेले. काही दिवस त्यांना ते फार लागले. मीही त्यांच्या नजरेला नजर देण्याचे टाळीत असे, कारण बारा दिवसांनी केलेले कर्तव्य मला पहिल्याच दिवशी करता आले असते.

पुढल्या वर्षी डॉक्टरांची संमती घेऊन ते एका छोट्या शर्यतीत उतरले. पाऊण किलोमीटर पोहणे, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर धावणे. पत्नी काठावर खुर्ची टाकून बसली होती. या शर्यतीत एक नियम आहे. पोहणाऱ्याला थकवा वाटला तर त्याने हात वर करावा; मदतीची होडी जवळ येते, तिला धरून हवा तितका विसावा घेता येतो, त्याने शर्यत बाद होत नाही. तिच्या आधाराने पुढे मात्र सरकावयाचे नाही. माझ्या स्नेह्यांनी मध्यावर हात वर केला. होडीला धरून ते थांबले, काठाकडे पाहिले, पत्नीने हात हलविला, आणि श्वास स्थिर झाल्यावर ते पुन्हा पोहू लागले. त्यांचा क्रमांक शेवटून तिसरा आला. गटातील इतरांचे कितवे आले, ते त्यांनी पाहिले नाही असे मी म्हणणार नाही. त्यांनी पाहिले, पण हसून पाहिले.

वाचकहो, ग्वारीघाटाच्या पाण्यात एकदा त्यांनी नावेची कड धरली होती आणि ती गोष्ट लपविली होती. दुसऱ्यांदा सर्वांच्या देखत होडी धरली आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. दोन्ही वेळी शरीर तेच होते, किंबहुना दुसऱ्या वेळी ते एका वर्षाने अधिक जुने झाले होते. जे बदलले ते शरीराहून आतले होते. आपल्यापैकी बहुतेक जण असल्या शर्यतीत कधी उतरणार नाहीत. परंतु उतारवयातील आपापली शर्यत प्रत्येकाच्या वाट्याला आहेच. कोणाची दुकानाची गादी, कोणाची संस्थेतील खुर्ची, कोणाची घरातील शेवटचा शब्द आपलाच असावा ही ईर्षा. ती चालू ठेवावी की सोडावी, याचा निर्णय बाहेरून कोणी देणार नाही. आपण तेथे कधी हात वर करू शकतो काय, आणि तो आपल्या माणसांच्या देखत करू शकतो काय, एवढे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारून पाहावे.